फिटरकाकांचा एकच प्रश्न

शुभवर्तमानाचं वाचन सुरू व्हायच्या आधी फिटरकाका तिसऱ्या बाकावरून उठायचे, भिंतीपाशी जायचे आणि सगळे पंखे बंद करायचे. मे महिन्यातसुद्धा. आमचं चर्च म्हणजे पत्र्याच्या छपराचा एक लांबट हॉल, खामगावहून तासाभरावरच्या तालुक्याच्या गावी. उन्हाळ्यात तिथे सकाळी नऊलाच पाठीवरून घामाच्या धारा लागतात. सिस्टर रुमाल काढायच्या, खेड्यांवरून जीपमध्ये दाटीवाटीने आलेली माणसं दुपट्ट्याने वारा घ्यायची, आणि काका मात्र गळ्यापर्यंत बटणं लावलेल्या पांढऱ्या शर्टात ताठ उभे. कोणी कुरकुर केली तर म्हणायचे, "देव बोलून राह्यला तं पंख्यानं मधात काऊन बोलाव?" वाचन संपून फादरांचं प्रवचन सुरू झालं की तेच पुन्हा उठून पंखे लावायचे. एकदा फादरांनीच त्यांना विचारलं, "मी बोलताना पंखा चालतो का?"

"हे माणसाचं बोलणं आहे फादर. याले हवा लागते."

खामगावच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये त्यांनी तीस-पस्तीस वर्षं फिटर म्हणून काढली होती. बायको वारलेली, मूलबाळ नाही. त्यांचं नाव नोंदवहीत होतं, पण चर्चचा सगळा धर्मग्राम त्यांना फिटरकाकाच म्हणायचा. खिशात नेहमी एक पाना. मिस्सेच्या, म्हणजे रविवारच्या उपासनेच्या, तासभर आधी येऊन ते बाकांखाली वाकून ढिले नट आवळत. कोणी बाई घरच्या अडचणी सांगून "काका, प्रार्थना करा" म्हणाली, की वर न बघताच विचारायचे, "नट आवळला काय आधी? नुसतं वरून ऑइल टाकून काय होते?"

सामूहिक प्रार्थनेत बाकीची माणसं जगाच्या शांतीसाठी, आजाऱ्यांसाठी विनवणी करायची. काका नेमकं बोलायचे. "देवा, नळ आठव्या दिवशी येऊन राह्यला. नगरपालिकेच्या इंजिनियरले अक्कल दे, अन् नाही देत असशीन तं त्याची बदली कर." सगळे ओठ दाबत म्हणायचे, "प्रभू, आमची प्रार्थना ऐक."

पण त्यांचं खरं वेड वेगळंच होतं. मिस्सेत कम्युनियनच्या, म्हणजे रांगेने जाऊन ख्रिस्ताच्या भोजनातली भाकर घेण्याच्या, जरा आधी फादर म्हणतात, एकमेकांना शांती द्या. आपण डावीकडे हात जोडतो, उजवीकडे हात जोडतो, फार तर मागे वळून मान हलवतो. एक श्वास घ्यायला लागतो तेवढ्या वेळात ते उरकतं. काका मात्र बाकातून बाहेर पडायचे. आठवड्यात ज्याच्याशी काही वाजलं असेल त्याच्यासमोर जाऊन उभे राहायचे आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात आपली चूक सांगायचे. फादर वेदीपाशी थांबून राहायचे.

नळावरची आजी आठवते. काका तिच्यासमोर हात जोडून म्हणाले, "मंगळवारी मी तुमची पाण्याची गुंडी बाजूले सरकवली. चुकलं."

"सरकवली?" आजी म्हणाली. "लाथ मारली व्हती."

"हाव. लाथ मारली."

"पोचा पडला तिले."

"पोचा काढून देतो."

"मंग ठीक आहे," म्हणून आजीने हात जोडले. फादरांसकट सगळं चर्च हसलं. दुपारी काका खरंच हातोडी घेऊन तिच्या दारात बसलेले मी पाहिले.

यामागे त्यांचं एक शास्त्र होतं, आणि ते कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. शुभवर्तमानात सांगितलं आहे की वेदीपाशी आलास आणि तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे असं आठवलं, तर आधी त्याच्याकडे जा. मला ते वचन दाखवताना काकांचं बोट एकाच जागी होतं. "सर, नीट पाहा. तुमच्या मनात आहे काय, असं नाही विचारलं. त्याच्या मनात आहे काय, असं विचारलं. चूक कोणाची हा मुद्दाच नाही. त्याच्या मनात असन तं आपण जायचं. तोवर वेदीकडं जायचं नाही." म्हणून भेटेल त्याला त्यांचा एकच प्रश्न असायचा: "मनात काही आहे काय माह्याबद्दल?"

मी त्यांचा शेजारी. शाळेत मराठी शिकवतो, तेव्हा धर्मग्राम मंडळाचा चिटणीसही होतो. आमच्या दोन घरांमध्ये एकच भिंत, तीही एका विटेची. त्या दिवसांत माझं आणि बायकोचं फार वाजायचं. कारणं सांगत नाही, ती तिचीही आहेत. एका रविवारी पुण्याहून माझे सासू-सासरे आले होते. मी त्यांना पुढच्या बाकावर नेऊन बसवलं होतं, जावई इथे कोण आहे हे त्यांना दिसावं म्हणून. शांती द्यायची वेळ आली आणि काका सरळ माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"सर, बुधवारी तुमचं अन् बाईचं भांडण होऊन राह्यलं होतं. तुम्ही ताट फेकलं तवा मले उठून बाहेर जायला पाह्यजे होतं. मी भिंतीले कान लावून ऐकत बसलो. चुकलं."

चर्चमध्ये कोणी हसलं नाही. सासऱ्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मग खाली बघितलं. बायकोचे डोळे भरून आले. काका हात जोडून तसेच उभे, कारण माझे हात अजून जोडले जायचे होते. मी जोडले. आणि त्यांच्या मागोमाग कम्युनियनच्या रांगेतही उभा राहिलो.

ते खरं बोलले होते. ताट मी फेकलं होतं. त्यांनी फक्त स्वतःची चूक सांगितली होती, माझी सांगायची त्यांना गरजही वाटली नव्हती. हे मला त्याच दिवशी समजलं होतं. समजलं नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

मंगळवारी शाळेच्या कॉम्प्युटरवर मी फादरांना एक पत्र लिहिलं. खाली "एक व्यथित भाविक". मिस्सेचं पावित्र्य भंग पावत आहे, पाहुण्यांसमोर धर्मग्रामाची मानहानी होत आहे, वगैरे. तेवढ्यावर थांबलो असतो तर आज मी हे लिहायला बसलो नसतो. शेवटी एक ओळ घातली: सदर गृहस्थ मद्यप्राशन करून येत असावेत अशी शंका आहे. काकांनी दारू सोडून वीस वर्षं झाली होती. ती कशी सोडली, हे त्यांनी मला आमच्या ओट्यावर बसून सांगितलं होतं. ते शब्द टाइप करताना मला ती संध्याकाळ आठवत होती, तरी बोटं थांबली नाहीत. पत्र मी चर्चच्या सूचनापेटीत टाकलं. ती पेटी चिटणीस म्हणून मीच बसवून घेतली होती.

फादर भला माणूस. त्यांनी काकांना बोलावलं, मिस्सेत जागा सोडू नका म्हणून समजावलं, आणि काकांनी मागितलं म्हणून पत्र त्यांच्या हातात दिलं. दारूच्या ओळीवर काका चिडतील असं फादरांना वाटलं होतं. काका म्हणाले, "म्हंजे कोनाच्या तरी मनात आहे." आणि पत्र घडी करून खिशात ठेवलं.

मग ते दारोदार निघाले. आमचा धर्मग्राम म्हणजे गावातली चाळीसेक घरं आणि खेड्यांवरची वीस-पंचवीस. सायकलवर सोनाळ्याकडच्या वस्तीपर्यंत गेले. उंबऱ्यात उभे राहायचे, पाणी प्यायचे, विचारायचे, "मनात काही आहे काय माह्याबद्दल?" लोक म्हणायचे, "नाही बा काका, काऊन?" ज्यांच्या मनात बारीकसारीक होतं त्यांनी ते सांगूनही टाकलं. एकाने सात वर्षांपूर्वीची शेळी काढली. काकांनी शेळीबद्दल माफी मागितली. पण पत्र लिहिणारा सापडेना.

माझ्याकडे ते सगळ्यात शेवटी आले. मला वाटलं, कळलं. त्यांनी विचारलं, मी म्हणालो, "छे हो काका, माझ्या मनात काय असणार?" त्यांनी मान हलवली. मग खिशातून पत्र काढून माझ्यापुढे धरलं.

"सर, तुम्ही मराठीचे. हे जरा मोठ्यानं वाचून दाखवा. भाषेवरून माणूस समजते म्हणतात."

मी वाचलं. माझं पत्र मी त्यांना पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवलं. ते डोळे मिटून ऐकत होते. आत बायको चहा गाळत होती.

"काय वाटते?" त्यांनी विचारलं.

"कोणी तरी अर्धवट शिकलेला दिसतो," मी म्हणालो. "शब्द जड वापरलेत, पण वाक्यांना दम नाही."

"बिचारा," काका म्हणाले.

त्या रविवारपासून त्यांनी कम्युनियन घेणं बंद केलं. फादरांना दिलेल्या शब्दाप्रमाणे ते जागेवरून हलायचे नाहीत. डावीकडे हात, उजवीकडे हात. आणि मग सगळा बाक उठून रांगेत गेला की ते एकटे खाली बसून राहायचे, तळहात मांडीवर उपडे. रांग त्यांच्या गुडघ्यांना घासून पुढे जायची. त्या रांगेत मी असायचो. फादरांनी त्यांना समजावलं की यात तुमचा दोष नाही, तुम्ही शोधायचं तेवढं शोधलंत. दृढीकरणाच्या संस्काराला बिशप आले, त्यांनीही खांद्यावर हात ठेवून तेच सांगितलं. काका म्हणाले, "तुमचं बरोबर असन, महाराज. पण तो माणूस आहे ना कुठंतरी. रोज मले मनात घेऊन फिरत असन. त्याले सोडून मी एकटाच कसा जेवू?"

अशी अडीच वर्षं गेली. दर रविवारी मी पुढे जाऊन ते ख्रिस्तशरीर तळहातावर घेत होतो आणि परत येताना तिसऱ्या बाकाकडे बघत नव्हतो. मध्ये एकदा अकोल्याला जाऊन, जिथे मला कोणी ओळखत नाही अशा फादरांकडे पापनिवेदन केलं. त्यांनी पापक्षमा दिली आणि सांगितलं, "त्या गृहस्थांना जाऊन सांगा." मी बाहेर येऊन बस पकडली आणि सांगितलं नाही. याच काळात आम्ही नव्या वसाहतीत घर बांधलं आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेलो. बायकोला मोठं स्वयंपाकघर हवं होतं, हे खरं. मला ती भिंत नको होती, हेही खरं.

मग काकांना हृदयाचं दुखणं लागलं. बुलढाण्याच्या दवाखान्यात पंधरा दिवस काढून ते घरी आले, पण चर्चपर्यंत चालवेना. फादर रविवारच्या मिस्सेनंतर आजाऱ्यांना घरोघरी कम्युनियन न्यायचे, मी त्यांच्याबरोबर असायचो. काकांच्या खाटेपाशी फादरांनी कम्युनियनची छोटी पेटी उघडली. काकांनी हात वर केला.

"नको फादर. त्याचा पत्ता नाही लागला अजून."

"काका, आता हट्ट सोडा. दिवस काही सांगून येत नाहीत."

"म्हणूनच तं म्हणतो, घाई करू नका."

फादरांनी पेटी मिटली. ती मिटताना झालेला बारीक आवाज घेऊन मी घरी आलो आणि आधी बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मी त्या दिवशी त्यांना चहा दिला होता."

दुसऱ्या दिवशी शाळेतून अर्धी सुट्टी काढून गेलो. काका खाटेवर बसून दाराची कडी साफ करत होते. मी उभ्या उभ्याच सांगितलं. "काका, ते पत्र मी लिहिलं होतं."

त्यांनी कडी खाली ठेवली. "दारूचं बी?"

"हो."

"काऊन?"

मी ताटाचं सांगितलं, सासऱ्यांचं सांगितलं. ते ऐकत होते. मला वाटलं होतं, ते आता माझे हात धरतील, आणि मी रडण्याच्या तयारीतच गेलो होतो. ते उठले. भिंतीला धरून उठले, आणि त्या दुखऱ्या छातीतून एवढा आवाज निघेल असं मला वाटलं नव्हतं.

"तुले मी वाचाले देल्लं बे! अन् तू वाचून दाखवलं! वरून म्हणते, वाक्यांत दम नाही!"

"काका, बसा. तुम्हाला त्रास होईल."

"होऊ दे! दारूचं ठीक आहे, माणूस रागात लिहिते. पण तुह्या तोंडानं मी ऐकलं बे ते! साठ घरं फिरलो. त्या शेळीवाल्याचे पाय धरले!"

त्यांना धाप लागली, ते बसले. पाणी दिलं ते त्यांनी घेतलं नाही. दम परत आल्यावर अगदी कामाच्या आवाजात विचारलं, "आता आहे काय मनात?"

"नाही काका."

"खरं सांग."

"खरंच नाही."

"मंग माह्या बाजूनं काम झालं. फादरले फोन लाव, या म्हणा." मी फोन काढला. "अन् ऐक. आता माह्या मनात तुह्याबद्दल आहे. गच्च आहे. तं आता तुह्यं तू पाय."

फादर तासाभरात आले. काकांनी अडीच वर्षांनी कम्युनियन घेतलं. मी दारात उभा होतो. फादरांनी आनंदाने विचारलं, "सापडला का तो?"

"सापडला."

"कोण?"

"ते माहं अन् त्याचं," काका म्हणाले आणि डोळे मिटले.

त्यानंतरच्या रविवारी सगळा बाक उठला आणि मी बसून राहिलो. लोकांनी बघितलं. चिटणीसाकडे लोक बघतातच. मिस्सेआधी सात वाजता मी काकांकडे जायला लागलो. नियमच तसा होता, ज्याच्या मनात आहे त्याच्याकडे जायचं.

"आहे का काका?"

"हाव."

"किती?"

"मागच्या रविवाराएवढंच. बसा."

त्यांचं "तू" पुन्हा "तुम्ही" झालं होतं, पण उत्तर बदलत नव्हतं. "बसा" मात्र दर रविवारचंच झालं. मी चहा करायचो, ते मला कामाला लावायचे. खाटेचा पाय, खिडकीचा गज, स्टोव्ह. पाना कसा धरायचा हे मला वयाच्या पन्नाशीत त्यांनी शिकवलं आणि मराठीच्या मास्तरांच्या हातांबद्दल जे बोलले ते इथे लिहिता येणार नाही. त्यांनी जिनिंगच्या गोष्टी सांगितल्या, बायकोच्या सांगितल्या. मी त्यांना माझ्या घरातल्या सांगितल्या, ज्या त्यांनी भिंतीतून अर्ध्याच ऐकल्या होत्या. नाताळ गेला, उपवासकाळ गेला, इस्टर गेला. जूनमध्ये फादरांची बदली होऊन नवे तरुण फादर आले, आजाऱ्यांकडे ते एकटेच जायचे. मी बाकावर बसूनच होतो. हळूहळू मला त्या बसण्याचा राग येईनासा झाला.

पोळ्याच्या आदल्या रविवारी मी विचारलं, "आहे का?"

"नाही," काका म्हणाले. "गेलं."

मी स्टोव्ह बंद केला. "कधी गेलं?"

"इस्टरलेच गेलं असन. त्याच्या जरा आधी."

"काका! चार-पाच महिने झाले! मी तिकडे बसून राहतो. सांगितलं का नाही?"

"सांगतलं असतं तं तुम्ही आले असते काय?"

"आलो असतो!"

"पाहू," ते म्हणाले आणि हसले. मीही हसलो. त्या दिवशी मी रांगेत उभा राहिलो आणि परत येऊन पुष्कळ वेळ गुडघ्यांवर राहिलो.

पुढच्या रविवारी मी गेलो. त्याच्या पुढच्या रविवारी सहामाहीचे पेपर तपासायचे होते. मग मुलीच्या कॉलेजचं काम निघालं, मग एका रविवारी पाऊस होता. मग नुसताच रविवार होता. मला रोज वाटायचं, जायला हवं, आणि आता काही अडलेलंही नव्हतं. असे पाच आठवडे झाले. एका गुरुवारी सकाळी नव्या फादरांचा फोन आला.

दफनाला खेड्यांवरची माणसं जीप करून आली होती. शेळीवालाही आला होता. मूठमूठ माती टाकून झाल्यावर आम्ही कबरीभोवती तसेच उभे होतो. नव्या फादरांनी हात झटकले आणि मला विचारलं, सगळ्यांसमोरच, त्यांना त्यात लपवण्यासारखं काही वाटलं नसावं, "सर, तुम्ही यांना जवळून ओळखत होता ना? मागचे दोन रविवार त्यांनी कम्युनियन घेतलं नाही. म्हणाले, एका माणसाच्या मनात माझ्याबद्दल काहीतरी आलंय, तो यायचा बंद झालाय. माझंच चुकलं, मी त्याला पाच महिने उगाच बसवून ठेवलं. बरं वाटलं की नव्या वसाहतीत जाऊन त्याला विचारून येतो म्हणाले. कोण असेल हो तो?"

आजी माझ्या शेजारी उभी होती. बायको तिच्या पलीकडे. साठ घरांतली माणसं होती.

"मी," मी म्हणालो. "आणि ते पत्रही माझंच होतं."